येऊन राहिलो

मोहा पडायला लागला की मला बोरिवली आठवते. हे वाक्य माझ्या एखाद्या विद्यार्थ्यानं निबंधात लिहिलं असतं, तर मी त्याखाली लाल रेघ ओढून शेजारी ‘संबंध काय?’ असं विचारलं असतं. आमच्या करडी गावात मोहाची फुलं पडू लागली की कोणाला अस्वल आठवतं, कोणाला माहेर. मला सोसायटीचं पार्किंग आठवतं. आज पहाटे दार उघडलं आणि वास आला. गोड, जड, किंचित आंबलेला. ज्याच्या लहानपणात हा वास आहे त्याला त्यानं भूक लागते. ज्याच्या नाही, त्याचं डोकं दुखतं. मला भूक लागली आणि पाठोपाठ सूनबाईचं दुखणारं डोकंही आठवलं. म्हणजे सकाळच बिघडली.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेतला निवृत्त मास्तर. विषय मराठी. उभी नोकरी एकाच शत्रूशी लढण्यात घालवली. त्या शत्रूचं नाव ‘राहणे’. आमच्या भंडाऱ्याकडच्या झाडीपट्टीत कुठलंही काम चालू असलं की त्याच्या शेपटीला हे ‘राहणे’ बांधतात. खाऊन राहिलो म्हणजे खातो आहे. जाऊन राहिलो म्हणजे जातो आहे. पोरं निबंधात लिहीत, ‘माझे बाबा वावरात जाऊन राहिले.’ मी लाल शाईनं ‘जात आहेत’ असं करायचो आणि वर ऐकवायचो, “अरे गाढवा, पुण्यामुंबईच्या माणसानं हे वाचलं तं त्याले वाटंल, तुझा बाप घरदार सोडून वावरातच राहाले गेला!” वर्ग हसायचा. शुद्ध भाषेचा हा पाठ मी कोणत्या भाषेत देऊन राहिलो होतो, हे कोणाच्या लक्षात यायचं नाही. माझ्या तर नाहीच.

घरी हाताशी एक कायमचा विद्यार्थी होता. माझा मुलगा प्रशांत, म्हणजे पशा. ‘मले वाढ’ म्हणाला की ताट मिळायचं नाही. ‘मला वाढ’ म्हणेपर्यंत मी त्याच्या आईचा हात धरून ठेवायचो. ती चिडायची. “लेकराले आधी जेवू द्या जी, मंग शुद्ध करजा!” पण मी ऐकणारा नव्हतो. पोरगा शुद्ध झाला. इतका शुद्ध झाला की मुंबईत नोकरी लागल्यावर त्याच्या ऑफिसात तो भंडाऱ्याचा आहे हे कोणाला कळलंच नाही. हे त्यानं स्वतः मला सांगितलं होतं, आणि मी त्या दिवशी गावात पेढे वाटायचाच बाकी होतो.

मोह्याचा सीझन आला की शाळा ओस पडायची. पोरं आईबापांबरोबर फुलं वेचायला. माझी बायको, हीसुद्धा, फटफटायच्या आधी टोपली घेऊन आमच्या बांधावर जायची. मी इस्त्रीचा शर्ट घालून आरशापुढे उभा. “या न जी, दोन मुठी वेचू लागा.” मी म्हणायचो, “मास्तर मोहा वेचताना दिसला तर पोरं काय म्हणतील?” ती टोपली डोक्यावर ठेवता ठेवता म्हणायची, “पोरं तिकडंच वेचून राहिली हायेत. शाळेत हाये कोण तुमच्या?” मग मी रिकाम्या वर्गात जाऊन बसायचो. फळ्यावर सुविचार लिहायचो. उन्हं चढल्यावर घरी यावं तर अंगणभर पिवळसर फुलं पसरलेली, टपोरी, रसानं भरलेली, आणि तिच्या बोटांना तो चिकट वास. दोनचार उन्हं खाल्ली की ती फुलं मनुक्यासारखी तांबूस व्हायची. वाळलेला मोहा शिजवून ती जे काही करायची, ते मी चोरून खायचो. चारचौघांत मात्र चहा-बिस्किट.

पावसाळ्यात ही गेली. तेराव्यापर्यंत घर भरलेलं होतं, मग रिकामं झालं. थंडी कशीबशी काढली. फागुन लागता लागता सूनबाईचा, केतकीचा फोन आला. “बाबा, एकटे कशाला राहता तिकडे? इकडे येऊन राहा.”

येऊन राहा. मी ते दोन शब्द दिवसभर जिभेवर घोळवले. जन्मभर लाल शाईनं ज्याला खोडलं, तेच ‘राहणे’ असं हात पुढे करून दारात उभं. शिवाय सूनबाईच्या तोंडून आलेलं, म्हणजे व्याकरणदृष्ट्या निर्दोष. येणे आणि नंतर राहणे, दोन स्वतंत्र क्रिया. शंकेला जागाच नाही.

आता मला सांगा, ओसरीवर जेवायला बसलेला आमचा माणूस रस्त्यानं जाणाऱ्याला काय म्हणतो? “या जेवाले!” आणि रस्त्यानं जाणारा काय म्हणतो? “होऊ द्या, होऊ द्या.” खरंच कोणी चप्पल काढून आत आला, तर घरधनीण आधी त्याच्याकडे पाहील, मग गंजातल्या, म्हणजे पातेल्यातल्या, भाताकडे. हे मी जन्मापासून पाहिलेलं. अख्ख्या करडीत ‘या जेवाले’ ऐकून खरंच चप्पल काढणारा एकच माणूस निघाला, आणि तो मराठी शिकवायचा.

मी गाय सोमाच्या दावणीला बांधली. सोमा माझ्या बांधाला बांध असलेला शेतकरी, लहानपणीचा सोबती, जीभ कुऱ्हाडीसारखी. वावर त्यालाच कसायला दिलं. तो म्हणाला, “गुरुजी, मले खरं सांगा. जाऊन राहिले का जाऊन येऊन राहिले?”

“कायमचा जाऊन राहिलो गा. पोराकडं.”

“मंग बांधावरचा मोहा?”

“तूच वेच. आता तुझाच समज.”

त्यानं गायीचं दावं ओढून पाहिलं. मग म्हणाला, “पाहा बरं. मोहा दिला तं वापस मागता येत नाही.” मी हसलो. मला मोह्याची काय पडली होती? मी समुद्राच्या गावाला निघालो होतो.

समुद्र काही दिसला नाही. पशाचं घर बोरिवलीत, नॅशनल पार्कच्या भिंतीला लागून. जाहिरातीत म्हणे ‘अरण्याच्या कुशीत’ असं लिहिलं होतं. जागा खरोखर देखणी. रस्त्याच्या दुतर्फा झाडं, फुटपाथवर सावली, सकाळी पोपटांचा कल्ला, आणि बाल्कनीतून पाहिलं तर हिरवं, हिरवं, मागे डोंगर. इमारतींना झाडांची नावं. आम्ही ‘पळस’मध्ये. सगळ्या आवारात पळस नव्हता. गेटावर बिबट्यापासून सावध राहण्याची पाटी. पशा म्हणाला, “बाबा, संध्याकाळी भिंतीकडे एकटे जाऊ नका.” मी म्हटलं, “अरे, आपल्या कोक्याच्या जंगलात…” तेवढ्यात त्याचा फोन वाजला. माझं ते वाक्य अजून तिथंच लोंबकळत असेल.

मी सोबत लोखंडी पेटी नेली होती. तिच्यात हिचा फोटो, माझी पुस्तकं, दोन गोधड्या, नव्या तांदळाची पिशवी. मुंबईत गोधड्या नेणारा मी शहाणा! केतकी पेटीकडे पाहून म्हणाली, “अरे वा, एवढं सामान?” वाईट नाही म्हणाली. ती बाई वाईट नव्हतीच, हीच तर अडचण. वाईट असती तर गावात येऊन तिच्याबद्दल बोलता तरी आलं असतं. कपाटात जागा होईपर्यंत पेटी पॅसेजमध्ये राहील असं ठरलं. दुसऱ्या दिवशी तिच्यावर एक सुंदर कापड आलं, त्यावर एक कुंडी आली. पेटीचं टेबल झालं. पाहुणे तारीफ करायचे, “काय मस्त रस्टिक लुक आहे!” हिचा फोटो खाली अंधारात, आणि वर मनीप्लांट.

झोपायला सोफा होता. रात्री ओढला की पलंग, सकाळी ढकलला की सोफा. माझ्याच जातीचा. गरज असली तर उघडायचा, नाहीतर भिंतीला लावायचा. केतकी रोज विचारायची, “बाबा, कम्फर्टेबल आहात ना?” मी रोज ‘हो’ म्हणायचो. मी काहीतरी मोडलं, सांडलं, चुकीचं बटण दाबलं, की दोघं एकमेकांकडे पाहून हसायची. मीही हसायचो. माझ्या गमती त्यांच्या मित्रांना सांगायचो. मंडळी पोट धरून हसायची. मला वाटायचं, रुळलो.

आणि एका सकाळी लिफ्टमधून खाली उतरलो तर तो वास.

आधी वाटलं, भास आहे. हिच्या आठवणीनं नाक फिरलं. मग पार्किंगच्या मागच्या टोकाला गेलो. भिंतीपलीकडे, पार्कात, मोहा उभा होता. चांगला जुना, रुंद. फांद्या भिंतीवरून अलीकडे वाकलेल्या, आणि खाली गाड्यांच्या टपांवर, काचांवर, फरशीवर फुलं. मी तिथं उभा राहून काय केलं ते सांगत नाही. निवृत्त मास्तरानं तसं करू नये. एवढंच सांगतो की एका लांबलचक गाडीच्या टपावरून पहिलं फूल उचललं, आणि बोटांना वास लागला.

मग काय, मी रोज पहाटे पिशवी घेऊन खाली. जन्मभर ज्याला लाज म्हणून टाळलं, ते मी मुंबईत जाऊन मन लावून केलं. फुलं बाल्कनीत वर्तमानपत्रावर वाळत घातली. मुंग्या आल्या. वास हॉलमध्ये आला, पडद्यांत बसला. केतकीनं कपाळाला बाम लावला आणि शक्य तितक्या गोड आवाजात विचारलं, “बाबा, हे कधीपर्यंत ठेवायचं?” मी म्हटलं, “वाळून राहिले न. वाळले की झालं.” खालच्या मजल्यावरच्या एका बाईंनी तर लिफ्टमध्ये मलाच विचारलं, कोणाच्या घरी दारू गाळतात का हो? मी गंभीर चेहऱ्यानं म्हणालो, “असेल बाई, काही सांगता येत नाही आजकाल.” घरी येऊन हा किस्सा सांगितला. पशा हसला नाही.

खरा पराक्रम पुढेच आहे. झाडाखाली पाचोळा फार साचला होता. फूल पडलं की त्यात हरवायचं. आमच्याकडे मोह्याच्या आधी झाडाखालचा पाचोळा गोळा करून पेटवतात. जमीन काळी झाली की पिवळसर फूल दुरून दिसतं. याच आगीनं जंगलं पेटतात म्हणून मी स्वतः शाळेची प्रभातफेरी काढली होती. ‘वणवा टाळा, जंगल सांभाळा!’ घोषणा माझी, यमक माझं. आणि त्या पहाटे बोरिवलीत, नॅशनल पार्कच्या भिंतीला खेटून, मी खराट्यानं पाचोळा ढिगाला लावला आणि देवघरातली काडेपेटी काढली. मनात काय होतं म्हणाल, तर काहीच नव्हतं. हात आपोआप चालून राहिले होते. मोहा आहे, पाचोळा आहे, पुढचं काम हाताला ठाऊक.

पाचोळा ओलसर होता. आग कमी, धूर जास्त. धूर उभा वर चढला, मजल्यामागून मजला हुंगत. भोंगा सुरू झाला. माणसं गाऊन-बर्म्युड्यात खाली धावली. कोणी कुत्रा काखेत घेऊन, कोणी लॅपटॉप. दोन सुरक्षारक्षकांनी लाल नळकांडी आणून फस्सकन पांढरी पूड मारली. ढिगावर मारली, गाड्यांवर मारली, आणि ढिगाशेजारी खराटा घेऊन उभ्या असलेल्या मराठीच्या मास्तरावरही मारली. मी गिरणीतून निघालेल्या पोत्यासारखा दिसत असेन. फुलंसुद्धा सगळी पांढरी. मला मेल्याला तेच वाईट वाटत होतं, की फुलं गेली.

सोसायटीचे सेक्रेटरी सबनीस पुढे आले. सभ्य माणूस. ओरडला नाही. एवढंच म्हणाला, “हे काय आहे? पलीकडे जंगल आहे, लहान मुलं राहतात इथे. कोण आहेत हे?”

पशा गर्दीतून पुढे आला. मी त्याच्याकडे पाहिलं. आता तो म्हणेल, ‘माझे बाबा आहेत, इथं राहतात.’ रागावून का होईना, म्हणेल. वर मला हव्या तेवढ्या शिव्या देऊ दे.

तो म्हणाला, “सॉरी काका. गावाहून आलेत. पाहुणे आहेत, दोनचार दिवसांचा प्रश्न आहे.”

पाहुणे.

आता इथं आमच्याकडची एक रीत सांगायला पाहिजे, नाहीतर माझा मूर्खपणा नीट कळणार नाही. आमच्याकडे माणूस दुखावला की बोलत नाही, उठतो आणि म्हणतो, “बरं, जाऊन राहिलो मी.” त्याचा अर्थ जाणे असा नसतो. त्याचा अर्थ, मला थांबवा. आणि समोरच्याचं वाक्यही ठरलेलं असतं: “बसा न जी, चहा ठेवून राहिले.” हे वाक्य म्हणेपर्यंत उठलेला माणूस चप्पल शोधत राहतो. चप्पल पायाशीच असते. हिच्या-माझ्या संसारातली निम्मी भांडणं या दोन वाक्यांवर मिटली. पशा चुलीजवळ बसून ती ऐकत मोठा झाला.

तर मी खराटा भिंतीला टेकवला, चष्म्यावरची पूड पुसली आणि म्हणालो, “बरं. जाऊन राहिलो मी.”

सबनीस गोंधळले. “जाऊन राहिलात? कुठे?” मग खरंच कळत नसल्यासारखं, अगदी आपुलकीनं, विचारलं, “म्हणजे, जाताय की राहताय?”

लोक हसले. एवढ्या धुरात, एवढ्या धावपळीत, सगळ्यांना ते हसणं हवंच होतं. मीही हसलो असतो, विनोद चांगला होता. जन्मभर मी हाच विनोद पोरांवर केला होता. फक्त मी पशाकडे पाहून राहिलो होतो. तिथं उभ्या असलेल्या सगळ्या माणसांत हे वाक्य फक्त त्याला कळलं होतं. शब्दही आणि शब्दांच्या मागचंही. आता उत्तर त्यानं द्यायचं होतं.

त्यानं दिलं. जमिनीकडे पाहत म्हणाला, “जाताहेत, काका. म्हणजे, जात आहेत.”

भाषांतर बिनचूक होतं. पूर्ण गुण द्यावे असं.

लिफ्टमध्ये आम्ही दोघंच. माझ्या अंगावरची पूड झडत होती. तो हळूच म्हणाला, “बाबा, चारचौघांत नीट बोलायचं ना. तुम्हीच तर शिकवलंत.” आणि लिफ्टचं दार उघडायच्या आत त्यानं मोबाइलवर नागपूरची गाडी पाहून ठेवली होती. तिथं सगळं फार पटापट होतं. मला पेटी भरावी लागली नाही, ती उघडलीच नव्हती. केतकीनं मनीप्लांट उचलला, कापड काढून घडी घातली, आणि तिचे डोळे भरून आले. खरंच भरून आले. “बाबा, पुन्हा या हं. येऊन राहा.”

भंडाऱ्याला गेलेला गावातला टेम्पो परतताना मला घेऊन आला. पाराजवळ पेटी उतरवली तर सोमा समोर. डोक्यावर टोपली, टोपलीत मोहा, माझ्या बांधावरचा. त्यानं पेटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडायच्या आत म्हणाला, “काहून जी गुरुजी, समुद्र आटला का?”

मी म्हटलं, “हवा मानवली नाही.”

“हवा,” तो म्हणाला. पुढे काही विचारलं नाही. टोपली तशीच डोक्यावर, दुसऱ्या हातानं पेटीचं एक कडं धरलं. सोमाच्या जिभेला धार आहे, पण ती कुठं म्यान करायची ते त्याला कळतं. एवढं व्याकरण मी कोणाला शिकवू शकलो नाही.

गाय परत दिली त्यानं. वावरही. मोहा मात्र मी मागितला नाही, आणि त्यानं देतो म्हटलं तेव्हा मीच नको म्हणालो. दिलेला मोहा वापस घेत नाहीत. तेव्हापासून दर सीझनला मी माझ्याच बांधावर पाहुणा म्हणून जातो. सोमाची बायको लांबूनच हाक मारते, “या गुरुजी, वेचा दोन मुठी!” आता मला ठाऊक आहे की हे म्हणायचं असतं. तरी मी जातो. चप्पल बांधाखाली काढतो.

आजही गेलो होतो. ऊन अजून झाडाच्या शेंड्यावरच होतं. फूल पडतं तेव्हा आवाज होतो, टप्प, अगदी लहान, आणि मग थोड्या वेळानं दुसरं. मध्येच फोन वाजला. पशा. मोह्याच्या दिवसांत तो न चुकता फोन करतो. का, ते त्यानं कधी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. सोसायटीनं अर्ज करून भिंतीवरच्या फांद्या छाटून घेतल्या, हे त्यानंच मागे कधीतरी सांगितलं होतं. आता गाड्या स्वच्छ राहतात म्हणाला.

“काय करताय बाबा?”

“मोहा वेचून राहिलो.”

मी एक फूल उचललं. मग तो म्हणाला, “बाबा, या ना इकडे. केतकीही म्हणते. येऊन राहा थोडे दिवस.”

थोडे दिवस. पूर्वी हे दोन शब्द वाक्यात नव्हते. बोलणं आता अचूक झालं आहे.

झाडीपट्टीतल्या कोणालाही विचारा. फोनवर ‘येऊन राहिलो’ म्हणणारा माणूस कुठं असतो? घरीच असतो. पायात चप्पलसुद्धा नसते. लग्नाची पंगत बसलेली असते, तिकडून ओरडतात, कुठं हाये बे, आणि हा खाटेवर लोळत म्हणतो, येऊन राहिलो न! त्यात खोटं काही नाही. क्रिया सुरू आहे. पूर्ण कधी होईल, ते व्याकरण सांगत नाही.

“हो रे,” मी पशाला म्हणालो, “येऊन राहिलो.”

आणि वाकून पुढचं फूल उचललं.